बंद फ्रिजातला धान

टण्… टण्… टण्. जरासा विराम, आणि पुन्हा एक टण्. चैत्र सरत आला, गल्लीतल्या मातीचा उन्हाने पांढरा भुगा केला, कडुनिंबाचा मोहोर ओट्यावर गळू लागला, की हा नाद आमच्या गावात शिरतो. मारोतभाऊ भंगारवाला आरोळी देत नाही. त्याच्या सायकलच्या दांड्याला कुठल्याशा मोटरीचं पितळी झाकण टांगलेलं असतं आणि त्यावर तो पान्याने हलकेच टोला देतो. देवळातली घंटा ऐकून मी उठून देवळात जातेच असं नाही. पण हा नाद कानी पडला आणि माझी नजर घरातल्या अडगळीकडे गेली नाही, असं मात्र आजवर झालेलं नाही.

आणि अडगळ तरी केवढी! मुका रेडिओ, मोटर जळलेला मिक्सर, कूलरचा पंप, दोन इस्त्र्या, आणि पाठीला कुबड असलेला तो अवाढव्य टीव्ही. मला विचाराल तर विजेवर चालणारी वस्तू एका दिवसात मरत नाही. आधी ती कुरकुरते, मग आपण तिला चापट्या मारतो, मग मिस्त्रीकडे नेतो, आणि मिस्त्रीने मान हलवली की तिच्यावर एक विणलेला रुमाल येतो. रुमालावर फुलदाणी, फुलदाणीशेजारी औषधाच्या बाटल्या, बाटल्यांमागे विजेची बिलं. बघता बघता टीव्हीचं टेबल होतं आणि टेबलाचं कपाट. ती वस्तू बंद पडली आहे हे मग आपण विसरूनच जातो. निरुपयोगी होणं आणि निराळ्या उपयोगाला लागणं यांच्यामधली सीमारेषा कोणी आखावी? मी तर आखत नाही, आणि म्हणून घरात पाय ठेवायला जागा नाही, असं माझे घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

मारोतभाऊ मूळचा भंगारवाला नव्हे. ढिवराच्या घरचा माणूस; बाप-आजा गावतलावात जाळं टाकून जगले. पुढे तलाव गाळाने भरत गेला, काठाने बेशरमाची झाडं माजली, मासोळी रोडावली, आणि एका उन्हाळ्यात मारोतभाऊने जाळं खांद्यावरून काढून सायकलच्या कॅरिअरला बांधलं. अजूनही तेच जाळं आहे. त्यात आता टेबलफॅनच्या मोटरी, टीव्हीच्या काचेच्या मानेवरची तांब्याची वेटोळी, इस्त्रीचे तवे असं काहीबाही अडकलेलं असतं. तलावाच्या पाळीखाली त्याचं अंगण आहे. तिथे बसून तो वायरीचं साल सुरीने सोलतो. इतरांसारखा वायरी जाळत का नाही, असं विचारलं होतं मी. काळा धूर पाण्यावर बसतो, एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा सोलू लागला. ज्या पाण्याने त्याला सोडलं, त्या पाण्याची याने मात्र साथ सोडलेली नाही. मला त्याचा हेवा वाटला.

काळ्या, तेलकट मोटरीच्या पोटातून तांबं बाहेर येताना तुम्ही कधी पाहिलं आहे? किती तांबूस, किती निर्मळ! इतकी वर्षं आपल्या हाताशी भणभणणाऱ्या त्या यंत्रात एवढी कांती दडलेली होती आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नव्हती! आमच्या जिल्ह्याला जमिनीच्या पोटातून काढून घेण्याची जुनी सवय आहे. इकडे कोळसा, तिकडे गडचांदूरकडे चुनखडी. मारोतभाऊ जमिनीत उतरत नाही, घराघरांत उतरतो. तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, लोखंड वेगळं अशी पोती बांधतो आणि पोती भरली की चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाडीवर चढवतो. तिथून ती कुठल्या भट्टीत जातात आणि कोणाच्या घरी काय होऊन येतात, हे त्यालाही ठाऊक नाही.

पण त्याच्या घरची एक रीत सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता यायचं नाही. वर्षातल्या पहिल्या जाळ्यात जी पहिली मासोळी येई, ती त्यांच्या घरी खायची नाही, विकायची नाही. तिच्या कपाळी कुंकवाचं बोट टेकवायचं आणि तिला पुन्हा पाण्यात सोडायचं. बापाने केलं, आज्याने केलं. मारोतभाऊचा धंदा बदलला, रीत काही बदलली नाही. त्याचं भंगाराचं वर्ष अक्षय तृतीयेला सुरू होतं. त्या दिवशी जी पहिली वस्तू हाती लागेल, तिला कुंकू लागतं आणि ती अंगणातल्या कडुनिंबाखाली अभंग उभी राहते. पाऊस पडून तलावात नवं पाणी आलं, की ज्याला जशी हवी त्याला ती देऊन टाकायची. एका वर्षीच्या टीव्हीच्या खोक्यात त्याची कोंबडी अंड्यांवर बसते. एका वर्षीच्या धुलाईयंत्राच्या टाकीत कोणाच्या तरी गाई पाणी पितात. आम्ही गावातली शहाणी माणसं या रीतीला हसत असू. लोखंडाची कसली आली मासोळी!

आता तानाबाईकडे वळते. ती माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, एकच काट्याचं कुंपण आहे आणि त्याला आम्ही मिळून पाडलेलं एक भोक. तानाबाईची चार बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या चार तुकड्यांची, धानाची शेती. तीन बांध्यांत तिचा मुलगा गजानन कृषी केंद्रातून आणलेल्या पिशवीचं बियाणं पेरतो. चौथी, तलावाला लागून असलेली खोलगट बांधी तानाबाईची. त्या बांधीत ती जो धान लावते, त्याला नाव नाही. ती त्याला ‘मायचा धान’ म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा आईने पदरात बांधून दिलेला तो धान. उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उशिरा निसवतो आणि पिकतोही बेताचाच. पण त्याचा भात शिजला की कुंपणापलीकडे माझ्या स्वयंपाकघरात सुगंध येतो आणि मी निर्लज्जपणे वाटी घेऊन भोकातून पलीकडे जाते. तानाबाईच्या माहेरी आता तो धान कोणाकडे नाही. आमच्या गावातही नाही. एक हंगाम चुकला, तर जगातून गेला.

धान्य साठवायच्या ढोलीतलं हे बियाणं उंदरांनी एकदा जवळजवळ संपवलं होतं. तेव्हापासून तानाबाईने एक युक्ती केली. तिच्या नवऱ्याने हयातीत गडचांदूरच्या एका वसाहतीतून जुना फ्रिज आणला होता. तो दोन उन्हाळे चालला आणि कायमचा थंड झाला. म्हणजे थंड व्हायचा थांबला. मागच्या खोलीत उभ्या असलेल्या त्या पेटीत उंदीर शिरत नाही, मुंगी शिरत नाही, ओल शिरत नाही. तानाबाईने बियाणं वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, धोतराच्या पिशवीत बांधून फ्रिजाच्या तळाच्या भाजीच्या खणात ठेवलं आणि दाराला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला. गजाननला सांगितलं नाही. कारण तो या धानाला हसे. असल्या धानाने पोट भरते का, म्हणे. आईही हट्टी, मुलगाही हट्टी, आणि दोघांच्या मध्ये मुका फ्रिज.

गजाननचं लग्न झालं. सुनेच्या माहेरून आंदणात नवा फ्रिज आला, चकचकीत, दारावर फुलं काढलेला. लग्न उरकताच तानाबाई लेकीच्या बाळंतपणाला गोंडपिपरीला गेली. इकडे अक्षय तृतीयेला टण् टण् करत मारोतभाऊ आला, आणि गजाननने मागच्या खोलीतला जुना फ्रिज त्याला देऊन टाकला. दाराला काठ गुंडाळलेला, तो दार बसत नाही म्हणून असेल असं त्याला वाटलं. मारोतभाऊनेही काठ सोडला नाही. नेताना दार उघडून आपटू नये म्हणून दोरी बांधायचीच असते, इथे ती आधीच बांधलेली. दोघांनीही आत पाहिलं नाही.

तानाबाई परतली ती मृग तोंडावर आल्यावर. पऱ्हे टाकायची, रोपांसाठी वाफ्यात बी फेकायची वेळ. मागच्या खोलीत गेली आणि बाहेरच आली नाही. मी कुंपणातून गेले, तर फ्रिजाच्या जागी जमिनीवर जो चौकोन उरला होता, त्या चौकोनात ती बसलेली. रडत नव्हती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “माह्या मायचा धान गेला, बाई. माय आता खरंच मेली.”

दारात गजानन उभा होता. त्याला सगळं कळलं, तसा त्याचा चेहरा उतरला. ज्या धानाला तो हसत आला, त्याच धानावर तो लहानाचा मोठा झाला होता. ते त्याला त्या घटकेला आठवलं असावं.

आम्ही तिघं तलावाच्या पाळीखाली गेलो. मारोतभाऊच्या अंगणात पाऊल टाकलं आणि माझाच धीर सुटला. दारं उखडलेले, पाठी फोडलेले फ्रिज एकावर एक रचलेले. एका कोपऱ्यात त्यांचे काळे कॉम्प्रेसर कापून मांडलेले. तानाबाईने प्रत्येक पोकळ पेटीत वाकून पाहिलं. मारोतभाऊ सुरी खाली ठेवून उठला. काय झालं ते ऐकलं, आणि आम्हाला कडुनिंबाकडे घेऊन गेला. तिथे सावलीत तानाबाईचा फ्रिज उभा होता. दाराला लुगड्याचा काठ तसाच, आणि वरच्या कोपऱ्यात कुंकवाचा वाळलेला ठिपका.

“हा यंदाचा पयला आहे,” मारोतभाऊ म्हणाला. “पयल्याले मी तोडत नाई.”

तानाबाईने गाठ सोडली. रबराने चिकटलेलं दार सुस्कारा टाकून उघडलं आणि आतून सुकलेल्या कडुनिंबाचा कडवट आणि त्याच्या आडून धानाचा गोडसर वास आला. पिशवी जागच्या जागी होती. मला वाटलं, झालं, सुटलो. पण तानाबाई हसली नाही. मूठभर दाणे तळहातावर घेऊन ती उन्हाकडे बघत राहिली. आमच्याकडचा वैशाख तुम्ही सोसला आहे का? झाडावरची पाखरं पडतात. त्या आगीत लोखंडाच्या पेटीत हे बियाणं महिनाभर उभं होतं. दाणा आहे, पण त्यात जीव आहे का? हे डोळ्यांनी कसं कळावं?

कळायचा एकच मार्ग. तानाबाईने मूठभर धान भिजवला, ओल्या फडक्यात बांधला, फडकं बारदान्यात गुंडाळून पाण्याच्या माठाखाली ठेवलं. मग वाट पाहणं. त्या दोन-तीन दिवसांत गावात नांगर निघाले, आभाळ भरून आलं, लोकांनी पऱ्ह्यांच्या वाफ्यांत बी फेकलं. तानाबाईची बांधी तशीच राहिली. ती माठाकडे फिरकत नसे. भीती वाटते, असं मला सरळच म्हणाली. बारदान्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी कोण शिंपडत होतं, हे मी कुंपणाच्या भोकातून पाहत होते. गजानन शिंपडत होता, आणि आई आली की माठातून पाणी प्यायल्याचं सोंग करत होता.

त्यानेच फडकं सोडलं. मी तिथे होते. क्षणभर वाकून पाहत राहिला, मग ते फडकं तसंच दोन्ही हातांवर घेऊन आईपुढे आला.

“माय, जित्ता आहे.”

पांढरे, नखाएवढे कोंब. जवळजवळ प्रत्येक दाण्याला. तानाबाईने त्यांवरून बोट फिरवलं आणि मग मात्र ती रडली, मीही रडले, आणि गजानन वाफ्याला पाणी सोडायचं निमित्त करून निघून गेला.

तेव्हापासून मला राहून राहून एकच गोष्ट नवलाची वाटते. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून त्या पेटीच्या भिंती जाड केलेल्या असतात. वीज गेली, गॅस गेला, मोटर गेली, भिंती राहिल्या. कोणी सांगितलं नाही, कोणी पाहिलं नाही, आणि तो मेलेला फ्रिज कडुनिंबाखाली आपलं काम करत राहिला. आपल्यातलं सगळं संपलं असं ज्याला आपण म्हणतो, त्यातलं नेमकं काय संपलेलं असतं?

तलावात नवं पाणी आलं तेव्हा मारोतभाऊने त्याची रीत पाळली. पहिली वस्तू सोडून द्यायची, आणि कोणाला हवी हे यंदा विचारावं लागलं नाही. फ्रिज जाळ्यात बांधला गेला, गजाननच्या बैलबंडीवर चढला आणि परत तानाबाईच्या मागच्या खोलीत आला, त्याच चौकोनात. चुरणा, म्हणजे मळणी, झाल्यावर नवं बियाणं वाळलं, तेव्हा तानाबाईने त्याचे दोन वाटे केले. एक फ्रिजात गेला. दुसरा वाटा गजाननने नेऊन मारोतभाऊच्या घरी ठेवला. एकाच घरी ठेवलेलं बी बी नव्हे, असं आईने त्याला बजावलं होतं. कुंकवाचा ठिपका कोणी पुसलेला नाही.

आज पुन्हा कडुनिंब ओट्यावर गळतो आहे. टण्… टण्… टण्. मारोतभाऊ गल्लीच्या तोंडाशी आला आहे. मी माझा कुबडा टीव्ही एकदाचा द्यायचं ठरवलं आहे, आणि त्याच्या मागच्या फटीत बॅटरीचा उजेड पाडून दोनदा पाहिलंही आहे. कुंपणापलीकडे तानाबाईच्या मागच्या खोलीत गजानन गेला. रबराचं दार उघडल्याचा तो सुस्कारा, मग पिशवी चाचपल्याची सळसळ, आणि दार पुन्हा हलकेच लागल्याचा आवाज आला.