एरंडाखालचं सोनखत

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहायचं कसं हे मला नीट ठाऊक नाही, आणि विषयही असा की जेवताना कुणी ऐकणार नाही. म्हणून आधीच माफी मागतो.

तारोडीत आमच्या वाडीच्या टोकाला तीन खड्डे आहेत. घरच्या संडासाचं सगळं त्यांतल्या एकात पडतं. तो भरला की आजोबा राख आणि माती टाकून बुजवतात, वर एरंड लावतात आणि पुढचा खड्डा वापरात घेतात. एरंडाला दोन वर्षं बी धरलं की खालचं सोनखत तयार. ते वांग्यांना घालायचं, पालेभाजीला कधीच नाही. पूर्वी गावात बरेच जण असं करत. आता फक्त आजोबा. बाबांना त्याची लाज वाटते.

बॉटनीच्या प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला. बाबा म्हणाले, "रिपोर्ट वाईट आला तर तिन्ही खड्डे भरून वर फरशी घालणार."

"घाल," आजोबा म्हणाले.

पहिला नमुना मी स्टीलच्या डब्यातून लॅबमध्ये नेला. शेजारचा मित्र सरकून बसला. "भाई, लंच में ये मत खोलना."

रिपोर्ट आला. जंतांची अंडी सापडली होती. बाबांनी फरशीवाल्याला फोन लावला. आजोबा मला एरंडापाशी घेऊन गेले.

"याच्याखालचं काढलंस?"

"हो. चांगला उंच वाढलाय की."

"उंची कोन बघतं? बी किती वेळा धरलं?"

मी मान वर करून बोंडं शोधू लागलो.

"एकदाच. कॉलेजात मोजायला शिकवत न्हाय काय?"

चूक माझी होती आणि खड्डे त्यांचे जाणार होते. बाबांकडून कशीबशी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि जुन्या एरंडाखालून दुसरा नमुना काढला. काळा, भुसभुशीत, वास नुसता मातीचा. मग आजोबा रोज विचारायचे, "आलं काय?" चौदाव्या दिवशी त्यांनी विचारणंही सोडलं.

काल सकाळी आम्ही वांगी तोडत होतो. बॉटनीच्या मॅडमचा मेसेज आला. ओट्यावरच्या बाबांनाही ऐकू जावा म्हणून मी तो मोठ्यानं वाचला: "दुसरा नमुना स्वच्छ. जंतांचं एकही अंडं नाही. आजोबांना विचार, सोमवारी सगळा वर्ग शिकायला आला तर चालेल का?"