शंभर पावलांना एक फुटाणा

माझी सासुरवाडी झरी जामणीकडची. घरामागे एक उभा डोंगर आहे. त्याच्या माथ्यापर्यंत किती पावलं भरतात यावर त्या घरात सात माणसांची सात मतं होती. कोणी तीन हजार म्हणे, कोणी दहा. मला असलं मोघम बोलणं सोसत नाही. एकसष्टच्या हिवाळ्यात तिथे गेलो होतो, तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर सांगून बसलो, "उद्या आकडा घेऊनच खाली येतो."

"आधी वर तर जा," बायको म्हणाली. "यवतमाळच्या घराच्या अकरा पायऱ्या चढले का धापा टाकता."

"बारा आहेत," मी म्हणालो.

बेचाळिसाव्या वर्षी शब्द देऊन बसलो होतो. माघार घेतली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. सकाळी उजव्या खिशात साठ फुटाणे मोजून घेतले. शंभर पावलं झाली की एक डाव्या खिशात टाकायचा. मेहुणा सोबतीला आला.

पहिला टप्पा ठीक गेला. मग मुरूम पायाखालून सरकू लागला. मी झाडांची मुळं धरून चढत होतो, तोंडाने आकडे चालूच.

"भाऊजी, डोंगर काही पयून नाही चालला. कायले घाई करता?"

"बोलू नका. त्र्याऐंशी."

शेवटची चढण तर चक्क हातापायांवर केली. माथ्यावरच्या सपाट दगडावर बसलो तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या. खाली कपाशीची शेतं, आणि अंगणात बायकोचं लाल लुगडं एवढंसं दिसत होतं. ते किती लांब असेल, हा हिशोब मनातही आला नाही. बराच वेळ नुसता बघत बसलो.

मग डावा खिसा उलटा केला. नऊ फुटाणे.

"बस नऊशे पावलं?" मेहुणा हसून लोळायला लागला. "भाऊजी, तुमी तर आकडाच खाऊन टाकला!"

खरं होतं. प्रत्येक थांब्यावर हात डाव्या खिशात जात होता, तिथून तोंडात. उजव्या खिशातले उरलेले मोजून वजाबाकी केली असती, पण त्यातून मेहुण्याला दोनदा मूठ भरून दिले होते, तेही न मोजता.

"चार हजार सांगून द्या. कोण पाह्यते?"

"मी पाहतो," मी म्हणालो.

खाली सगळे वाट बघत होते. मी सरळ सांगितलं, "माथा गाठला. आकडा नाही." मेहुण्याने बाकीचं तिखटमीठ लावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवेना. तिसऱ्या दिवशी पहाटे मी धोतर कसताना पाहून बायकोने विचारलं, "आता कुठे?"

"वर."

तिने अंगणातले खडे वेचून माझ्या खिशात भरले. "हे न्या. साठ आहेत. हे तरी खाऊन नाही होणार."

खडे मी मोजून घेतले. साठ म्हणाली होती, एकोणसाठ निघाले. तसाच निघालो.