मास्तरच्या सिगडीतलं शास्त्र

बळीराम मास्तर पवित्र शास्त्र जाळून त्यावर चहा करतो, ही बातमी आमच्या मिशन कंपाउंडात तुळसाबाईनं आणली. तिचं घर मास्तरच्या परसाला लागून, आणि तिच्या न्हाणीच्या भिंतीला एक वीट कमी. कंपाउंडातल्या बहुतेक बातम्या त्या भोकातूनच बाहेर पडायच्या. "म्या माह्या डोयानं पाह्यलं वं," ती नळावर सांगत होती, "वर क्रूस छापेल होता, अन् देवाचं नाव जळून राह्यलं होतं!" दुपारपर्यंत एका पुस्तकाची गोणी झाली. दिवेलागणीला मास्तरनं धर्मच सोडला होता.

ही पंचाहत्तर सालची गोष्ट.

मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेला. उंच, पाठीत वाकलेला. बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. आमच्या देवळाचे पाद्री, पाळकसाहेब, त्याच्याच हाताखाली बाराखडी शिकलेले. त्यांच्या कपाटात विलायती पंडितांचे जाडजूड ग्रंथ होते. साहेब ते पुसायचे, मास्तर वाचायचा. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण बायबल, आमचं पवित्र शास्त्र, कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कशासाठी लिहिलं, यावर शहाण्यांनी इतका खल करून ठेवलाय आणि आपल्या लोकांना त्याचा वासही लागू नये, हे त्याला पटेना. म्हणून तो मराठीत पातळ पुस्तिका लिहायचा. देवळाची मंडळी त्या छापायची आणि गठ्ठे विकायला त्याच्याच घरी ठेवायची.

लिहिलेलं प्रत्येक पान तो बायकोला, देवकीबाईला, वाचून दाखवी. ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. ऐकता ऐकता तिचे हात थांबले तर पान राहिलं. हात चालूच राहिले तर फाडलं. "अवो, हे तुमच्या साहेबाले समजन, मले नाही," ती म्हणायची. आम्ही मास्तरला चिडवायचो, "तुमच्या पुस्तकात खडे कमी होऊन राह्यले, म्हणून भातात वाढले काय गा?"

देवकीबाईच्या बहिणीची लेक गोपिका खापरखेड्याला. नवरा वीजघरात कामाला. एका पावसाळ्यात तिची दोन पोरं हगवणीनं गेली, एकामागोमाग एक. पुढे मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्याला पाळकसाहेब मोठ्या मायेनं म्हणाले, "देवाने शास्त्रातल्या ईयोबाला लेकरं परत दिली, तशी आपल्या गोपिकालाही दिली." गोपिकानं ओल्या डोक्याची पोर साहेबांच्या हातातून घेतली आणि सरळ देवळाबाहेर निघून गेली. ती मास्तरच्या घरी येऊन बसली.

"मावसाजी, ईयोबाची पह्यली लेकरं कुठं गेली?"

"मेली, बाई. घर अंगावर पडलं."

"मंग परत कोन आलं?"

"दुसरी झाली."

"अन् ढोरं?"

"ढोरं दुप्पट मिळाली."

"लेकरं?"

"पहिले होती तेवढीच."

गोपिका पोरीचं डोकं पुसत राहिली. मग म्हणाली, "तं साहेब परत काहून म्हणते? परत नाही आली ना ते. तुमच्या पुस्तकात लिवा हे. छापेल दिसलं तं मी देवळात येईन. तोवर नाही."

"लिहितो," मास्तर म्हणाला.

आणि लिहिलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. ईयोबाच्या पुस्तकाची सुरुवात आणि शेवट ही साधी, जुनी गोष्ट आहे; मधला मोठा भाग काव्य आहे आणि तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या हातचा, असं पंडित म्हणतात, हे त्यानं सोपं करून सांगितलं. मधल्या भागात ईयोब देवाशी भांडतो. त्याची समजूत घालायला आलेले मित्र छान छान बोलतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. मग शेवटच्या पानावर मास्तरनं लिहिलं: "पहिली लेकरे परत आली नाहीत. त्यांच्या जागी कोणीही बसले नाही." देवकीबाईचे हात थांबले. सूप तिनं खालीच ठेवलं.

पाळकसाहेबांनी ते पान दोनदा वाचलं. "मास्तर, दुःखी माणसाला आशा द्यावी की त्याची जखम उघडी करावी?"

"आशा द्या ना साहेब. पण तिचे पोरं मेलेच नाही, असं भासवून नको."

साहेबांनी पान बाजूला ठेवलं. "मी पाठवतो छापायला," म्हणाले. मास्तर इतका हरखला की त्यानं खापरखेड्याला निरोप धाडला: ये.

नवी पुस्तिका विक्रीला निघण्याआधी तिच्यातलं एक पान देवळात वाचायची आमच्याकडे रीत. त्या रविवारी गठ्ठे छापखान्यातून थेट देवळात आले होते, आणि गोपिका पोरीला घेऊन पुढेच बसली होती. साहेबांनी शेवटचं पान उघडलं. त्यांची नजर तिलाच शोधत होती, आणि आवाज अगदी मऊ होता: "देवाने ईयोबाला पुन्हा लेकरे दिली, आणि पहिल्यांचे दुःख त्याला आठवलेही नाही."

गोपिका उभी राहिली. "मावसाजी, हे तुमी लिवलं?"

मास्तरनं शेजारच्याच्या हातातली प्रत ओढली. पान पाहिलं. मग मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव पाहिलं. "मी नाही," तो म्हणाला, पण तोवर कोणीतरी घाईघाईनं पेटी सुरू केली होती, आणि गोपिका दारापर्यंत पोचली होती.

दुसऱ्या दिवशी तो हातानं लिहिलेलं मूळ पान घेऊन खापरखेड्याला गेला. तिनं पाणी दिलं. पान घेतलं नाही. "छापेल पुस्तकावर तुमचं नाव हाये, मावसाजी," एवढंच म्हणाली.

तो तिथून आला तो साहेबांकडेच गेला. पुन्हा छापा म्हणाला. साहेब म्हणाले, "एका वाक्यासाठी? मी तिच्या भल्यासाठीच बदललं, मास्तर." मास्तर घरी गेला. परसात सिगडी पेटवली. पुढचं तुळसाबाईनं सांगितलंच आहे.

मंडळीच्या पंचांनी त्याला बोलावलं. "जाळलं काय?" "जाळलं." "काहून?" त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब जमिनीकडे पाहत होते. आपल्या हाताखाली शिकलेल्या पोराचं नाव मास्तरच्या तोंडून निघेना. देवळातल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला त्याला बंदी झाली. विलायती ग्रंथांच्या कपाटाला कुलूप लागलं. त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही, आणि चार वर्षांनी गेला तेव्हा ती बंदी तशीच होती. मातीला गोपिका आली होती. कबरस्तानाच्या फाटकाच्या आत आली नाही.

बळीराम मास्तरनं पवित्र शास्त्र जाळलं नव्हतं. स्वतःच्या पुस्तिकेच्या प्रती जाळल्या होत्या, कारण त्यातलं एक वाक्य त्याचं नव्हतं. चहा मात्र त्याच विस्तवावर झाला होता. देवकीबाईला सिगडी दोनदा पेटवायची सवय नव्हती.