पिल्लाला दूध पाजू नका

आमच्या गावात कुणाचंही काहीही बिघडलं की एकच औषध सुचतं, दूध. पोरगं नापास झालं, दूध. सून बाळंत झाली, दूध. तालमीत जाणाऱ्याला तर हवंच, पण तालीम सोडून पन्नास वर्षं झालेल्यालाही हवंच. संध्याकाळी आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. मिशीला फेस लागला की पिणाऱ्याला वाटतं, आता आपल्याला मरण नाही. मला त्या कट्ट्याचा मनस्वी राग येतो. म्हशींचा नाही, त्या बिचाऱ्या काय करतील.

या रागाचं कारण म्हणजे सव्वा महिन्याचं एक काळं पिल्लू. कोडोलीला बहिणीची कुत्री व्यायली होती. बहीण म्हणाली, अजून पंधरा दिवस आईजवळ राहू दे. मला धीर कुठला! पिशवीत घालून घेऊन आले. तो माझा गाढवपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढे इतरांवर तोंड सोडायला मी मोकळी.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. तरुणपणी त्यांनी कुस्ती केली, अजून कान चुरगळलेले आहेत. पिल्लू बघताच म्हणाले, "ह्येला म्हशीचं दूध पायजे, धारेचं. म्हैन्यात वाघ करतो की न्हाय बघ." मलाही ते पटलं. पहिली वाटी मीच भरून दिली.

तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. पातळ, पिवळं, दिवसातून आठ-दहा वेळा. मी फरशी पुसायची, फडकं पिळायची, तोवर दुसऱ्या कोपऱ्यात तेच. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "वाडीच्या देवाचा अंगारा लावा," म्हणाल्या, "आन् वाईच दूध पाजा, ताकद हुईल." आता या बाईला काय बोलावं?

शेवटी दवाखाना गाठला. जनावरांची डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिने पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी गेलंय, म्हणाली. खायला काय देता? मी चक्क अभिमानाने सांगितलं, धारोष्ण दूध, म्हशीचं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"एवढ्याशा पोटाला ते पचत नाही. एक थेंबसुद्धा द्यायचा नाही. तांदळाची पातळ पेज द्या, थोडी थोडी, आणि या पुडीचं मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. असेच आणखी दोन दिवस गेले तर हे हाती लागायचं नाही."

घरी येऊन मी जाहीर केलं, आजपासून दूध बंद. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता हूं म्हणाला. मामांचं तोंड कडू झालं. "पेज आजाऱ्याला देत्यात."

"ते आजारीच आहे, मामा."

"म्हनूनच म्हंतो, ताकद पायजे." पण मग त्यांनी मान डोलावली, आणि मी मूर्ख, त्या मान डोलावण्यावर विसंबले.

दुसऱ्या दिवशी पिल्लू आणखीच खंगलं. माझंच काही चुकतंय म्हणून मी तांदूळ बदलले, भांडी उकळली, पाणी गाळलं. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला परसात गेले, तर मामा कपडे धुवायच्या दगडावर बसलेले. मांडीवर पिल्लू, शेजारी तांब्या. धोतराचा सोगा दुधात भिजवून त्याच्या तोंडात पिळत होते. पिल्लाला चाटायचीही शक्ती नव्हती.

"काय करताय हे?"

"दूध हाय, इख न्हाय."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षांत त्यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्या एका संध्याकाळी चढवला. "विष परवडलं! तुम्ही मारताय त्याला, मामा. स्वतःच्या हाताने मारताय." काकू भिंतीवर आल्या, पलीकडच्या गच्चीवरही दोघी उभ्या राहिल्या. येऊ देत. मी तांब्या उचलला आणि सगळं दूध मोरीत ओतलं. या गावात सुनेने सासऱ्यादेखत दूध ओतणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं, म्हणूनच ओतलं.

मामा धोतराकडे बघत राहिले. पिल्लाने तिथे केलं होतं आणि त्यात रक्त होतं.

मी स्कूटर काढली. मामा न विचारता मागे बसले, पिल्लू सदऱ्याच्या आत धरून.

डॉक्टरने आधी पार्वोची, पिल्लांना पटकन नेणाऱ्या त्या रोगाची, तपासणी केली. तो नव्हता. तिने सलाइन लावलं आणि मला विचारलं, "दूध बंद होतं ना?"

"यांना विचारा," मी म्हणाले. पाठीशी घालायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"म्याच पाजलं," मामा म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. वाळत चाललं हुतं, मला बघवंना."

"आजोबा, ते दुधानेच वाळत होतं."

सलाइन संपेपर्यंत दोन तास ते पिल्लाचा पाय धरून उभे होते, सुई हलू नये म्हणून. गुडघे दुखतात त्यांचे. खुर्ची रिकामी होती. मी बसा म्हणाले नाही.

लागोपाठ तीन दिवस सलाइन झालं. चौथ्या दिवशी सकाळी पिल्लू आपलं आपण उठलं. मी चहा टाकत होते. मामा पेजेची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि बाहेरच थांबले.

"पोरी, त्येला भूक लागलीया. किती घालू? तू सांगशील तेवढंच घालतो."

या घरात त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. माझा राग तेव्हाही गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. पण त्या दारातल्या माणसाकडे बघून वाटलं, परसात बोलले त्याची माफी मागावी.

"तीन चमचे," मी म्हणाले. "वर एक थेंब नाही."

ते उंबऱ्यापाशीच मांडी घालून बसले आणि मोठ्याने मोजत भरवू लागले. तिसऱ्या चमच्याला थांबले. पिल्लू आणखी हवं म्हणून त्यांच्या गुडघ्यावर चढलं, केकाटायला लागलं. मामांनी वाटी पाठीमागे धरली आणि त्याच्याकडे बघायला नको म्हणून मान फिरवून बसले.