सतरंजी न पोचलेलं घर

एक पत्र दयानंद अमोलिकांनी एकेचाळीस वर्षं उत्तराविना ठेवलं आहे. पत्र कसलं, सात ओळींचं साधं पोस्टकार्ड. अक्षर सहावीतल्या मुलीचं, मजकूर तिच्या आईचा. 'सेक्रेटरीभाऊंना सलाम. आमचा बाप्तिस्मा होऊन दीड वर्ष झालं. गुरुवारची सतरंजी सगळ्यांच्या घरी जाती. आमच्या घरी कधी येणार ते कळवावे. जागा सारवून ठेवली आहे.' खाली केराबाई वैरागर, टेकडीवस्ती. आणि अगदी कडेला, बारीक अक्षरात, लिहिणार मार्था.

तेव्हा इथल्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. प्रवरेकाठच्या या तालुक्याच्या गावात सात ख्रिस्ती घरं होती, आणि दर गुरुवारी त्यातल्या एका घरात प्रार्थनासभा भरायची. सगळ्यांची मिळून एक निळ्या पट्ट्यांची सतरंजी होती. सभा संपली की पुढच्या गुरुवारची घरधनीण ती घडी करून काखेत मारायची आणि घरी न्यायची. आठवडाभर सतरंजी त्या घरात राहायची, आणि त्या आठवड्यात त्या घराचा रुबाब काही वेगळाच असायचा. कोणाची पाळी कधी, हे सेक्रेटरीने ठरवायचं. सेक्रेटरी दयानंद अमोलिक. वय अडतीस, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी. चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं तर घसा कोरडा पडायचा. पण अक्षर सुरेख, म्हणून वही त्यांच्याकडे आली.

मंडळीतली सगळी घरं मुळात गावकुसाबाहेरची. पण गावकुसाबाहेरही आणखी एक कूस होतं. टेकडीवस्तीवरचे वैरागर मातंग, घायपाताचे दोर वळणारे. त्यांच्या घरचं पाणी बाकीचे पीत नसत. बाप्तिस्म्यानंतर हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच. कार्ड आलं त्या गुरुवारी अमोलिकांनी ते सभेत वाचायचं म्हणून खिशात घातलं. वाचलं नाही. पुढच्या गुरुवारी वाचू, असं मनाशी म्हणाले. केराबाई त्यानंतर दोनदा सभेला आली, दारातल्या चपलांपाशी बसली, अमोलिकांकडे बघत राहिली आणि गेली. मग यायची बंद झाली. चार वर्षांनी वारल्याचं कळलं.

आज रविवार. मंडळीला आता दगडी देऊळ आहे, लाउडस्पीकर आहे, एकोणीस गावांत शाखा आहेत, आणि यंदा पन्नासावं वर्ष म्हणून स्मरणिका निघते आहे. तिच्यातला इतिहास अमोलिकांनीच लिहून दिला. सकाळच्या उपासनेत तरुण पाळक सुहास त्रिभुवन यांनी त्यातलं एक वाक्य व्यासपीठावरून वाचलं: 'ज्या घराने मागितली, त्या घरी सतरंजी गेली.' सगळे आमेन म्हणाले. मग पाळकांनी नदीपलीकडच्या नव्या घरसभांची यादी वाचली आणि सांगितलं, की टेकडीवस्तीवर एकच ख्रिस्ती घर आहे, मार्थाबाईंचं. पण आपली माणसं गेली की त्या दार लावून घेतात, का कोण जाणे, तेव्हा ते घर तूर्त सोडून देऊ.

का ते जाणणारा माणूस तिसऱ्या बाकावर बसला होता.

जेवताना सून सुनीती हसत म्हणाली, "आबा, पाळकांनी तुमचं नाव घेतलं आणि तुम्ही खाली वाकून चप्पल काय शोधत होता? पायातच तर होती." अमोलिक ताटातलं लोणचं इकडून तिकडे सरकवत राहिले. स्मरणिका गुरुवारी छापायला जायची आहे. ते वाक्य तसंच राहिलं तर त्यांच्या मागेही तेच खरं राहील, आणि टेकडीवरचं दार तसंच बंद राहील. हे कळत होतं. कळून करायचं काय, हे आजवर त्यांना कधी जमलं नव्हतं.

जेवण झाल्यावर ते ओट्यावरच्या बाजेवर पडतात. ऊन पायरीपर्यंत आलेलं. आत सुनीती भांडी विसळते आहे. डोळे मिटतात, पुन्हा उघडतात. भांड्यांचा आवाज लांब जातो, त्याची एक घरघर होते, आणि ती घरघर लाउडस्पीकरची आहे.

ते व्यासपीठावर उभे आहेत. समोर सतरंजी अंथरली जाते आहे. तीच, निळ्या पट्ट्यांची. कोणीतरी ती उलगडतं आहे आणि ती संपत नाही. लोक येतात, बसतात, सरकून घेतात, आणखी येतात. "अजून उलगडा," मागून आवाज येतो. सतरंजी दारातून बाहेर पडते, पायऱ्या उतरते. सगळे अमोलिकांकडे बघताहेत, कारण वाचायचं त्यांना आहे. ते वही उघडतात. चष्मा डोळ्यांवर आहे, तरी अक्षर लागत नाही. पान उलटतात. प्रत्येक पानावर त्यांचंच सुरेख अक्षर, आणि एकही शब्द वाचता येत नाही.

"हितं मिळंल का?" समोरून कोणी विचारतं.

समोर ग्रंथालयाची खिडकी आहे. खिडकीपलीकडे केराबाई. डोक्यावरून पदर, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, त्यांना घायपाताचा कुबट वास. ती मेलेली आहे हे अमोलिकांना माहीत आहे, आणि त्यात काही अवघड वाटत नाही. अवघड वाटतं ते एवढंच, की ती बाहेर उभी आहे आणि तिला आत या म्हणायला हवं.

"काय हवंय बाई?" ते विचारतात. आवाज नको तितका सरकारी निघतो.

"माझं कार्ड."

ते कपाटाकडे वळतात. कपाटं छतापर्यंत. खण ओढतात, त्यात नावं आहेत, सगळ्या मंडळीची, एकोणीस गावांची. व चा खण ओढतात तर तो ओढतच राहतो, हातभर, दोन हात, आणि रिकामा. मागे रांग लागली आहे. ते म्हणतात, कार्ड आहे, जपून ठेवलंय, हरवलेलं नाही. एकेचाळीस वर्षांत एकदाही हरवू दिलेलं नाही.

"मग कुणाकुणाला वाचून दावलं?"

ते समजावू लागतात. तो काळ वेगळा होता. मंडळी लहान होती, नुकती कुठे रुजत होती. गुरुवारच्या सभेतल्या साळवेबाई जुन्या वळणाच्या, त्यांना चाललं नसतं. बोर्डे उठून गेले असते. सात घरांतली तीन फुटली असती, तर राहिलं काय असतं? हे सगळं त्यांनी मनात इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते न अडखळता येतं, एखादं पाठ केलेलं वचन यावं तसं.

केराबाई ऐकून घेते. मग विचारते, "साळवेबाई नको म्हनल्या?"

"म्हणाल्या असत्या."

"म्हनल्या का?"

"नाही."

"बोर्डे?"

अमोलिक उघडा खण आत ढकलू लागतात.

"म्हंजी इचारलंच न्हाई."

हे वाक्य ती रागाने म्हणत नाही. ओझं खाली ठेवावं तसं ठेवते. अमोलिक घाईने म्हणतात, की तुम्हाला नकार ऐकावा लागू नये म्हणून. सात घरांसमोर तुमचा अपमान होऊ नये म्हणून.

"माझ्यासाठी व्हय?" केराबाई हसते. तिचे पुढचे दोन दात नाहीत. "बसा की मग."

ते बसतात. खाली सारवलेली जमीन आहे, ओली, पावलाचा ठसा उठेल इतकी. पत्र्याचं दार, दाराबाहेर टेकडीचा उतार, खाली नदी. जागा मधोमध मोकळी ठेवलेली, बरोबर एका सतरंजीएवढी. तिच्या कडेला भिंतीला टेकून ते बसले आहेत, कारण मधे पाय ठेवायचा नाही हे त्यांना कोणी न सांगता कळतं.

केराबाई पितळी पेला पुढे करते. पाणी.

हे त्यांनी आधी पाहिलं आहे. कार्ड यायच्या आदल्या महिन्यात मंडळीच्या नोंदवहीत वैरागरांची नावं लिहायला ते याच घरी आले होते. वैशाखातलं ऊन. टेकडी चढून जीभ टाळूला चिकटलेली. तिने पेला पुढे केला, आणि ते म्हणाले होते, आत्ताच पिऊन आलो. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नाही. स्वतःलासुद्धा नाही; स्वतःला कारण म्हणून साळवेबाई सांगितल्या, बोर्डे सांगितले.

पेला समोर तसाच आहे. ते हात उचलायला जातात. हात उचलत नाही. मांडीवर पडून राहतो, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. केराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, त्या हाताकडे बघते, आणि ते मेल्याहून वाईट आहे. त्यांना ओरडून सांगायचं आहे, की मी पिणार आहे, थांबा, मला जरा वेळ द्या. घसा कोरडा पडला आहे.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणते आणि पेला खाली ठेवते. "पानी नगं तर नगं. ह्ये धरा."

त्यांच्या तळहातात दोराचं टोक येतं. हात आपोआप मिटतो. केराबाई दुसरं टोक घेऊन मागे मागे चालत जाते, पीळ देत. दारातून बाहेर, उतारावर. दोर ताणला जातो.

"सोडू नका," ती म्हणते. "सोडलं का सगळा पीळ उलटा फिरतो."

"केराबाई, मी काय करू आता? तुम्ही तर..."

"मी मेले, ते ठावं हाये मला." ती आणखी मागे सरकते. "मार्था हाये ना. तिला वाटतं, मंडळीनं आपल्याला नको म्हनलं. मरंस्तोर मला बी त्येच वाटलं. अक्षर चांगलं म्हून तुमाला सेक्रेटरी केलं व्हतं ना? मग लिवा की. खरं त्ये लिवा."

ती आता नदीपाशी आहे, मग नदीपलीकडे. दोर तेवढाच लांब, तेवढाच ताठ. पीळ वाढतो तसा तो तळहातात रुतत जातो. अमोलिकांना भीती वाटते की आता हात सुटेल. मग वाटतं, सुटणारच नाही. पलीकडून काहीतरी बोलण्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत, आणि ते म्हणतात, हो. कशाला हो म्हणतात ते त्यांना ठाऊक नाही.

"आबा, कोणाशी बोलताय?"

सुनीती दारात उभी आहे, ओले हात पुसत. ऊन पायरीवरून उतरलं आहे. अमोलिक उठून बसतात. उजव्या मुठीची बोटं सोडवायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते. तळहातावर आडवा लाल वळ उठला आहे, आणि वळाला पीळ आहे, एकाशेजारी एक तिरप्या रेघा. कच्च्या घायपातानं सुटते तशी खाज सुटली आहे. बाजेत हात अडकला असेल, असं त्यांना वाटतं. त्यांना कशालाही कारण असं चटकन सापडतं. ते वाकून बघतात. बाज नायलॉनच्या पट्टीनं विणलेली आहे. पट्टी सपाट असते.

ते आत जाऊन टेबलाशी बसतात आणि एक आंतरदेशीय पत्र पुढ्यात घेतात. आधी कोऱ्या कागदावर मसुदा. पहिल्या मसुद्यात त्या काळची परिस्थिती येते. तो फाडतात. दुसऱ्यात साळवेबाई येतात. तोही फाडतात. तिसऱ्यांदा मसुदा करतच नाहीत, थेट लिहितात. हात खाजतो, अक्षर वाकडंतिकडं येतं. आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच राहू देतात.

'मार्थाबाईंना सलाम. तुम्ही सहावीत असताना तुमच्या आईचं पत्र मला लिहिलं होतंत. ते मी कोणालाही वाचून दाखवलं नाही. मंडळीनं तुमच्या घराला नाही म्हटलं नव्हतं. मंडळीला कोणी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरचं पाणी मी नाकारलं होतं, आणि ते झाकायला इतरांची नावं मनात पुढे करत आलो. स्मरणिकेतलं वाक्य मी बदलतो आहे. येत्या रविवारी उपासनेत उभा राहून हे सांगणार आहे. तुम्ही बोलावलंत तर त्यानंतर टेकडीवर येईन. नाही बोलावलंत तर तो तुमचा हक्क आहे.'

खाली सही करतात. सेक्रेटरी असं लिहीत नाहीत, नुसतं नाव.

सुनीती पत्त्याकडे बघते. कोणाला ते विचारत नाही. एवढंच म्हणते, की पाळकांकडे मार्थाबाईंचा फोन नंबर असेल, आत्ता लागेल.

"फोनवर मी दुसरंच काहीतरी बोलेन," अमोलिक म्हणतात.

"मग द्या, मी टाकते पेटीत. उन्हाचं कशाला जाताय?"

ते मान हलवतात आणि खरोखरच चप्पल शोधू लागतात.

पोस्टाच्या कोपऱ्यावर रविवारचा शुकशुकाट आहे. पेटीपाशी पोचल्यावर त्यांना वाटतं, पत्र एकदा पुन्हा वाचावं. एखादा शब्द जास्त झाला असेल, एखादा कमी. रविवारी आपल्याला उभं राहवेल का? आवाज फुटेल का? फुटला नाही तर हेच पत्र वाचायला दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. मार्थाबाई न वाचताच चुलीत घालतील, तेही होईल. हे सगळं होऊ शकतं. ते पत्र फटीत अर्धं सरकवतात आणि तसंच धरून ठेवतात. एक सायकलवाला सलाम करून जातो. त्याला सलाम करायला अमोलिकांचा हात वर होतो, आणि बोटं सुटतात.

आत पत्र पडल्याचा आवाज होतो. पेटी रिकामी असावी. आवाज बराच वेळ आत फिरतो.