सड्यावरच्या सोन्याचा कौल

आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या त्या उघड्या कातळावर, सोनं असेल असं सर्वेक्षणवाले सांगून गेले आणि मी आनंदाने वेडी व्हायचीच काय ती बाकी राहिले! सोन्यासाठी नव्हे हो. माझा नवरा कर्नाटकात सोन्याच्या खाणीत कामाला. सासरेही तिथेच जमिनीखाली उतरून म्हातारे झाले. घरी यायचं ते चतुर्थीला, पाहुण्यासारखं. आता खाण इथेच निघाली तर हे रोज रात्री घरी जेवायला! आणखी काय हवं?

पण देवाला विचारल्याशिवाय आमच्याकडे विहीरसुद्धा खणत नाहीत. गाव देवळात जमला. गुरवाने पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावल्या. गावचे मानकरी गावकर, त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "सड्यार खणूक देवचा काय, म्हाराजा?"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. उजवीकडची पाकळी टपकन पडली. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार! मी तिथूनच ह्यांना फोन लावला, "बॅग भरा!"

मशीन आलं, कातळातून दगडाच्या लांबच लांब कांड्या निघाल्या. मी काही ना काही निमित्त काढून सड्यावर हजर. आणि एके सकाळी मशीन ट्रकवर चढलं. सर्वेक्षणाचे साहेब म्हणाले, "सोनं आहे, पण काढण्याजोगं नाही."

मी तडक देवळात. गावकर पायरीवर पान खात बसलेले. "कौल दिल्यान ना देवान? मगे सोना खंय?"

"अगो, खणूक देवचा काय, इतक्याच इचारलेला. सोना गावतला काय, ता कोणी इचारल्यान?"

शप्पथ सांगते, अख्ख्या गावात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं! खणायची परवानगी मिळाली आणि आम्ही सोनंच मिळालं समजून नाचलो.

"मगे आता माझा इचारा," मी हटूनच बसले. "माझो घोव घराक येतलो काय?"

पाकळ्या पुन्हा लागल्या. पडली! उजवीच!

फोनवर किंचाळलेच मी. "कौल झालो! खाण नाय, पण तुमी येतालात!"

पलीकडून हे म्हणाले, "देवाक इचारलंस. माका कधी इचारलंस?"

खरंच की! इतकी वर्षं वाट पाहिली, रुसले, भांडले. विचारलं कधीच नव्हतं. आता विचारलं, "येतालात?"

"येतंय," हे म्हणाले. "बॅग तुझ्या पयल्या फोनाकच भरलंय."