काळाभोर गहू

मंडळी, आज सकाळी दोंडाईचाजवळ मामांच्या शेतात होतो. रात्रीच्या वाऱ्यात त्यांचा ओंब्यांनी भरलेला गहू सगळा आडवा झाला. बांधापलीकडे त्यांचे चुलतभाऊ आबा यांचा मात्र उभा आहे.

वाण एकच, पाणीही सारखंच. मामांनी युरिया वाढवला, त्यानं पीक गर्द हिरवं दिसलं पण काडी मऊ राहिली, आणि पोटॅश टाळलं. आबांनी पेरतानाच पोटॅश दिलं होतं. त्यानं काडी टणक होते.

"आबा, तुना गहू फिका शे, आसं म्हंत व्हतू मी," मामा अहिराणीत म्हणाले. 'शे' म्हणजे 'आहे'.

"माले बी तुनाच आवडे," आबा म्हणाले.

आपल्याकडे गर्द हिरव्या पिकाचं कौतुक करायचं तर 'काळंभोर' म्हणतात. ते रंगाचं कौतुक झालं. मजबूत काडीचं कौतुक करायला तुमच्याकडे एखादा शब्द आहे का? मला आठवेना.